उदगीरच्या विहिरीतला ज्वालामुखी

उदगीर भागात विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. सुरुंग लावून पाषाण फोडला की खाली कधी राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या येतो, कधी वीतभर-हातभर जाडीचा गेरूसारखा लाल पट्टा, आणि त्याच्याखाली पुन्हा पाषाण. विहीर खोदणाऱ्यांना हा क्रम पाठ असतो. पहार कुठे चालेल, सुरुंग कुठे भरावा लागेल, झरा कोणत्या सांध्यातून फुटेल, हे आडाखे ते त्यावरच बांधतात. भूवैज्ञानिक त्याच भिंतीपाशी उभा राहिला तर त्याला ज्वालामुखीचे उद्रेक दिसतात, एकावर एक बसलेले. दोघेही वाचत असतात ती गोष्ट एकच: तप्त शिलारस किती वेगाने थंड झाला. अग्निजन्य खडकांचा बराचसा अभ्यास या एका प्रश्नाभोवती फिरतो. त्यासाठी उदगीर ही सोयीची जागा आहे. ज्वालामुखीने बाहेर ओतलेला खडक इथे पायाखालीच आहे, आणि जमिनीच्या पोटात खोलवर थिजलेला खडक एका सकाळच्या प्रवासावर.

डोंगर नसलेला ज्वालामुखी

ज्वालामुखी होता तर त्याचे तोंड कुठे, हा पहिला प्रश्न. देवर्जनजवळचे हत्तीबेट हे ते तोंड नव्हे. बालाघाटच्या टेकड्या लाव्हा साचून उंच झालेल्या नाहीत. सपाट पसरलेल्या थरांचा आजूबाजूचा भाग पावसापाण्याने झिजून वाहून गेला आणि जे उरले त्याला आपण टेकडी म्हणतो. म्हणून त्यांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर पुष्कळांना ज्वालामुखीचे विवर वाटते, पण तेही नाही. तो उल्कापाताने पडलेला खळगा आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा. उल्का आदळली तेव्हा तिथला काळा खडक थिजून कोट्यवधी वर्षे लोटली होती.

दख्खनचा लाव्हा आला तो लांबलचक भेगांतून. नंदुरबार-धुळ्याकडे आणि नाशिक-पुण्याच्या पट्ट्यात जमिनीतून भिंतीसारख्या वर आलेल्या काळ्या दगडाच्या रांगा दिसतात. त्यांना डाइक म्हणतात. भेगेतून वर चढता चढता जो शिलारस वाटेतच थिजला, त्याची ती भिंत. आजूबाजूचा दगड झिजला आणि ती उघडी पडली.

भेगेतून होणारा मोठा उद्रेक माणसाने पाहिला तो आइसलँडमधल्या लाकी इथे, १७८३ साली. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेवर मुखांची रांगच उघडली. आठ महिने लाव्हा वाहत राहिला आणि सुमारे १५ घन किलोमीटर साचला. दख्खनमध्ये सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी घडले ते याच जातीचे, पण लाकी त्यापुढे किरकोळ ठरावे एवढे मोठे. उद्रेक व्हायचा, थांबायचा, मधे बराच काळ जायचा, पुन्हा व्हायचा. त्यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात ओतला गेला, असे अलीकडचे कालमापन सांगते. झीज होऊन आज उरलेला खडकच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते आणि पूर्वेकडे येताना ती कमी कमी होत जाते. उदगीर-देगलूरचा भाग म्हणजे या काळ्या चादरीचा पूर्वेकडचा काठ.

सह्याद्रीत या थरांचे गट पाडून त्यांना घाटांची आणि गावांची नावे दिली आहेत: इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. प्रत्येक गटाच्या रासायनिक घडणीत थोडा थोडा फरक असतो, आणि त्या खुणेवरून दूरच्या दगडाचे मूळ शोधता येते. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीपाशी असाच काळा दगड आहे. त्याची घडण आंबेनळी आणि महाबळेश्वर गटांशी जुळते. म्हणजे काही प्रवाह जवळपास हजार किलोमीटर वाहत गेले असावेत, बहुधा तेव्हाच्या नद्यांच्या खोऱ्यांतून. जगात ठाऊक असलेल्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्यांची गणना होते.

इतक्या लांब जाईपर्यंत लाव्हा थिजला कसा नाही? प्रवाहाचा वरचा थर हवेला लागून लगेच कडक होतो, पण ही कडक साल आतली उष्णता धरून ठेवते. दगड उष्णतेचा फार वाईट वाहक आहे. सालीखालून पातळ लाव्हा पुढे सरकत राहतो, मागून दाब आला की साल वर उचलली जाते, प्रवाह फुगून जाड होतो आणि टोकाला नवी जीभ फुटते. हवाईमध्ये १९५९ साली किलावेआ इकी नावाच्या खड्ड्यात शंभरेक मीटर खोल लाव्हाचे तळे साचले. त्याची साल काही दिवसांतच माणूस चालू शकेल इतकी कडक झाली. शास्त्रज्ञांनी पुढे त्या सालीवरूनच खाली भोके पाडून पाहिली, तर आतला रस पूर्ण थिजायला पस्तीसेक वर्षे लागली.

खडक वितळतो कसा

जमिनीखाली लाव्हाचा समुद्र उसळतो आहे आणि भेग पडली की तो वर येतो, ही समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात पृथ्वीच्या कवचाखालचे प्रावरण घन आहे. ते अतिशय तप्त आहे, पण वरच्या खडकांचा दाब इतका प्रचंड असतो की तो त्याला वितळू देत नाही. दाब वाढला की खडकाचा वितळणबिंदू वाढतो. म्हणून खडक वितळायला उष्णता वाढलीच पाहिजे असे नाही, दाब कमी झाला तरी पुरते.

प्रावरणातला एखादा जास्त तप्त भाग लाखो वर्षे संथपणे वर सरकत येतो. वर येताना त्याच्यावरचा दाब घटतो आणि त्याचा थोडा अंश वितळतो. सगळा खडक वितळत नाही. जी खनिजे कमी तापमानाला वितळतात तीच आधी रस होतात. हा रस भोवतीच्या खडकापेक्षा हलका असल्याने वाट काढत वर चढतो आणि कवचात पोकळ्यांमध्ये साठतो. जमिनीखाली असेपर्यंत त्याला शिलारस म्हणायचे, बाहेर पडला की लाव्हा. दख्खनच्या उद्रेकांच्या वेळी भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकताना अशा एका उष्ण ठिकाणावरून जात होता. ते ठिकाण आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, आणि त्या बेटावरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर जागा होतो.

लाव्हा कसा वागेल हे त्यातल्या सिलिकावर ठरते. दख्खनच्या लाव्हात सिलिका सुमारे निम्मी होती आणि तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. असा लाव्हा पातळ असतो. त्यातला वायू सहज निसटतो, त्यामुळे मोठे स्फोट होत नाहीत, आणि तो साचून उंच शंकू होण्याऐवजी पसरत जातो. सिलिका ६५-७० टक्क्यांवर गेली की रस घट्ट होतो, वायू आत कोंडतो आणि स्फोट होऊन राख उडते. चित्रांतले टोकदार ज्वालामुखी बहुधा जास्त सिलिकेच्या, घट्ट लाव्हाचे असतात.

जागता ज्वालामुखी पाहायचाच असेल तर भारतात तो एकच आहे: पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटरवरचे बॅरन बेट. एकोणिसाव्या शतकातल्या उद्रेकांनंतर ते दीड शतकाहून अधिक काळ शांत होते. १९९१ साली ते जागे झाले आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसत असते. बेट निर्जन आहे. ते पाहायचे ते बोटीतूनच. तिथला लाव्हाही मुख्यतः बेसॉल्टचाच, म्हणजे उदगीरच्या पाषाणाच्या जातीचा.

थिजण्याचा वेग

शिलारसात अणू मोकळे फिरत असतात. थंड होऊ लागला की ते ठरावीक रचनेत जुळून स्फटिक बनू लागतात, आणि स्फटिक वाढायला वेळ लागतो. साखरेचा पाक दोरी सोडून निवांत ठेवला तर खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. तोच पाक फेसाळवून झटकन थिजवला तर बत्तासा होतो, ज्यात खडा दिसतच नाही, फक्त बारीक भोके दिसतात. माल एकच, वेग वेगळा.

लाव्हा पाण्यात पडून क्षणात गार झाला तर स्फटिकांना जुळायला सवडच मिळत नाही आणि काच बनते. जमिनीवर काही दिवसांपासून काही वर्षांत थिजला तर बारीक कणांचा बेसॉल्ट. जमिनीखाली भेगेत जरा सावकाश थिजला तर मध्यम कणांचा डोलेराइट, पुष्कळ डाइक याचेच असतात. काही किलोमीटर खोल, हजारो-लाखो वर्षे घेऊन थिजला तर डोळ्यांनी सहज दिसणाऱ्या मोठ्या कणांचा गॅब्रो. बेसॉल्ट, डोलेराइट आणि गॅब्रो यांच्यात खनिजे जवळपास सारखीच असतात. फरक कणांच्या आकाराचा.

गिट्टीच्या ढिगातून एक ताजा फुटलेला तुकडा उचलून उन्हात फिरवून पाहावा. दुरून तो सपाट काळा दिसतो. जवळ धरला की त्यात सुईच्या टोकाएवढ्या असंख्य चमका लुकलुकतात. त्या फेल्डस्पार खनिजाच्या बारीक पट्ट्या. त्यांच्या मधली काळसर-हिरवट जागा पायरॉक्सिनची, आणि अगदी काळे ठिपके लोहखनिजाचे. काही तुकड्यांत या बारीक पार्श्वभूमीवर तांदळाएवढे, क्वचित बोटभर लांबीचे पांढरे स्फटिकही दिसतात. असा दगड दोन टप्प्यांत थिजलेला असतो. मोठे स्फटिक जमिनीखालच्या पोकळीत सावकाश वाढले, मग उद्रेक झाला आणि उरलेला रस बाहेर येऊन भराभर थिजला.

कण बारीक आणि एकमेकांत घट्ट गुंतलेले असल्यानेच हा दगड चिवट आहे. पाटा-वरवंटा आणि जाते त्याचे होते ते याचमुळे. दळून दळून गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावली की पुन्हा धार येते, कारण आतून तो सगळीकडे सारखाच असतो.

विहिरीची भिंत, खालून वर

आता विहिरीकडे परत यायचे. एका प्रवाहाची भिंत तळापासून वाचली तर थिजण्याचा सगळा क्रम उलगडतो.

प्रवाह गार, बहुधा ओलसर जमिनीवर पसरला. तळाचा काही इंचांचा भाग चटकन थिजला. खालच्या ओलीची वाफ आणि लाव्हातला वायू वर घुसताना अडकले, म्हणून तळाशी बोटभर लांबीच्या उभ्या नळ्या सापडतात. नळ्यांची वरची टोके कधी एकाच बाजूला वाकलेली असतात. प्रवाह कोणत्या दिशेला सरकत होता ते त्यावरून कळते.

मधला भाग सर्वांत सावकाश थिजला. त्यातला वायू केव्हाच वर निघून गेला होता, म्हणून तिथे भोके नाहीत. हाच तो सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. थिजताना दगड आकसतो आणि त्याला तडे जातात. थंडावणे सगळीकडे सारखे असेल तर हे तडे पाच-सहा बाजूंचे उभे खांब कापतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल हा असाच खांबांचा कडा आहे, सुमारे दोनशे फूट उंच.

वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला. साल आधी कडक झाल्याने बुडबुडे तिच्याखाली अडकून राहिले. पुढे लाखो वर्षे त्या भोकांतून पाणी झिरपत राहिले आणि विरघळलेली द्रव्ये मागे ठेवून गेले. भोके पांढऱ्या झिओलाइटने, कॅल्साइटने, गारगोटीने, अकीकाने भरली. मांजऱ्यातले पांढरे-हिरवट ठिपके म्हणजे हे भरलेले बुडबुडे. महाराष्ट्रातल्या खाणींत आणि विहिरींत सापडणारे असे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत.

आणि त्यावर लाल पट्टा. एक उद्रेक संपल्यावर दुसरा होईपर्यंत वरचा दगड ऊनपावसात कुजला, त्याची माती झाली, राखही बसली. पुढचा तप्त प्रवाह त्यावर पसरला तेव्हा ती भाजली गेली. त्यातले लोह गंजून लाल झाले. जिथे लाल पट्टा दिसतो तिथे दोन उद्रेकांमध्ये माती तयार होण्याइतका काळ गेला होता असे समजावे. जिथे पाषाणावर पाषाण नुसता टेकलेला दिसतो तिथे तो काळ थोडा होता.

या दगडात आणखी एक नोंद आहे. होकायंत्राची सुई पाषाणाजवळ नेली तर कधी कधी ती हलते, आणि दगडाची भुकटी कागदावर पसरून खाली चुंबक फिरवला तर काही काळे कण मागे मागे धावतात. ते मॅग्नेटाइटचे. थंड होताना ५८० अंशांच्या खाली आले की हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडातली ही दिशा मोजली, तेव्हा तो थिजला त्या वेळी भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता असे निघाले. भूखंड सरकतात या त्या वेळी वादग्रस्त असलेल्या मताला त्यातून मोठे बळ मिळाले.

देगलूरच्या वाटेवर

उदगीरहून मुक्रमाबादमार्गे देगलूरकडे निघाले की हळूहळू देखावा बदलतो. सपाट माथ्यांच्या टेकड्या मागे पडतात. नांदेड जिल्ह्याच्या या पूर्व भागात, देगलूर-बिलोलीकडे, गोल गरगरीत शिळांचे ढीग दिसू लागतात. मातीही काही ठिकाणी काळी चिकण न राहता तांबूस, रेताड होते. इथे बेसॉल्टची चादर संपते आणि तिच्याखालचा ग्रॅनाइट उघडा पडतो.

या दगडाचा तुकडा हातात घेतला तर भिंगाची गरज पडत नाही. गुलाबी किंवा पांढरट फेल्डस्पारचे नखाएवढे कण, त्यांच्या फटीत काचेसारखे राखाडी क्वार्ट्झ आणि अभ्रकाच्या काळ्या चकचकीत पापड्या, सगळे वेगवेगळे ओळखू येतात. हा शिलारस कधी बाहेर पडलाच नाही. काही किलोमीटर जाडीच्या खडकाखाली गाडला जाऊन तो अतिशय सावकाश थिजला. त्यात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून रंग फिका. त्याच्यावरचा किलोमीटरच्या किलोमीटर खडक झिजून गेल्यावर तो उघड्यावर आला, आणि हे होऊन गेल्यानंतर कितीतरी काळाने लाव्हा त्याच्यावर पसरला. इथले ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचे आहेत. देगलूरचा दगड उदगीरच्या दगडापेक्षा जवळपास चाळीसपट जुना.

ग्रॅनाइट खरोखरच बेसॉल्टच्या खाली आहे याचा पुरावा लातूर जिल्ह्यानेच दिला, पण फार मोठी किंमत देऊन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जात होता. खाली नेमके काय आहे हे पाहण्यासाठी नंतर किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक पाडले गेले. वरचे ३३८ मीटर बेसॉल्टचे थर निघाले. त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचा खडक, म्हणजे लाव्हा येण्याआधीची जमीन. आणि त्याखाली ग्रॅनाइट व त्याच्या जातीचा जुना पाया. देगलूरला जे उघड्यावर दिसते तेच किल्लारीला सव्वातीनशे-साडेतीनशे मीटरांवर लपलेले आहे.

उदगीरहून दक्षिणेला बीदरकडे गेले तर बेसॉल्टचा शेवटचा अवतार भेटतो. दमट हवामानात दीर्घ काळ पाणी झिरपत राहिले, बेसॉल्टमधले विरघळणारे घटक वाहून गेले आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरले. तो झाला जांभा. बीदरचा किल्ला या लाल जांभ्यावर आणि जांभ्यातच उभा आहे.

पाणी कुठे असते

हे सगळे वाचून शेतकऱ्याच्या हाती काय पडते, हा रास्त प्रश्न आहे. २०१५-१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी गावोगाव बोअरची यंत्रे फिरतात, आणि शेजारच्याने पाचशे फूट घेतली म्हणून आपण सहाशे घेतो.

पण पाणी फुटांवर ठरत नाही, थरावर ठरते. प्रवाहाचा मधला पाषाण भरीव असतो. त्यात तडे नसतील तर कितीही खोल गेले तरी तो कोरडाच. पाणी साठते ते कुजलेल्या मुरमात, प्रवाहांच्या भोकाळ माथ्यात भोके एकमेकांना जोडलेली आणि मोकळी असतील तर, आणि तड्यांच्या जाळ्यात. लाल पट्टा चिकण असल्याने पाणी अडवतो, म्हणून विहिरीत झरे पुष्कळदा त्याच्या वरच्या अंगाने फुटतात. मांजऱ्याची भोके खनिजांनी गच्च भरलेली असतील तर तो मऊ असूनही पाणी देत नाही. देगलूरकडच्या ग्रॅनाइटमध्ये एकावर एक प्रवाहच नाहीत. तिथे कुजलेला वरचा थर आणि खालच्या भेगा एवढाच आधार, त्यामुळे उदगीरचा आडाखा तिथे चालत नाही.

बोअर घेताना भोकातून उडणारी भुकटी हा आयता अहवाल असतो आणि तो सहसा वाऱ्यावर जातो. दर दहा फुटांची मूठभर भुकटी कागदाच्या पुड्यांत घालून त्यावर खोली लिहून ठेवायला काही खर्च येत नाही. करडी-काळी आणि बारीक असेल तर पाषाण, पांढरे ठिपके असतील तर मांजऱ्या, लाल झाली तर पट्टा. पाणी लागले तर कोणत्या पुडीपाशी लागले त्याची खूण करावी. एका गावातल्या दहा-बारा बोअरच्या पुड्या शेजारी शेजारी मांडल्या तर गावाखालचे प्रवाह किती, कुठे जाड, कुठे पातळ, हे शाळेतली मुलेसुद्धा कागदावर काढू शकतील. पुढची बोअर कुठे थांबवायची हे त्या कागदावरून जास्त नीट ठरेल.